स्नोबोर्डचे बूट घेताना या चुका टाळा: ट्रेकच्या बुटांचा नियम इथे चालत नाही

पुण्यातल्या माणसाला बुटांबद्दल जे काही कळतं ते बहुतेक सह्याद्रीने शिकवलेलं असतं. राजगडावरून गुंजवण्याच्या बाजूने उतरताना किंवा सिंहगडावरून आतकरवाडीकडे येताना बोटं पुढे आपटतात, अंगठ्याचं नख काळंनिळं होतं, आणि मग ग्रुपमधला जाणता कुणीतरी सांगतो, "एक नंबर मोठा घे आणि आत जाड मोजे घाल." ट्रेकसाठी सल्ला अगदी बरोबर आहे. पण तोच सल्ला डोक्यात ठेवून स्नोबोर्डचे बूट घेतले, की गुलमर्गच्या उतारावर बोर्ड ऐकेनासा होतो आणि दोष बिचाऱ्या शिकवणाऱ्यावर जातो.

दोन्ही बुटांची कामंच वेगळी आहेत. ट्रेकचा बूट चालण्यासाठी असतो. स्नोबोर्डचा बूट बोर्ड वळवण्यासाठी असतो. तुम्ही नडगी पुढे रेलता, तो दाब बुटाच्या जिभेवर येतो, तिथून बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट बोर्डाला अडकवणाऱ्या पकडीत, आणि बाइंडिंगमधून बोर्डाच्या कडेला पोचतो. पाय बुटाच्या आत अर्धा सेंटिमीटर जरी सरकला, तरी तुमची तेवढी हालचाल बुटातच जिरते. त्यामुळे टाच जागच्या जागी बसणं ही पहिली अट. रंग, लेस, ब्रँड, किंमत हे सगळं तिच्यानंतर.

आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेकांना ऑल-माउंटन प्रकारचेच बूट लागतात. म्हणजे दाबून सपाट केलेला उतार, त्याच्या कडेचा भुसभुशीत बर्फ, थोडी झाडी, सगळीकडे चालतील असे. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडूरीला सोडतो आणि दुसरा अफरवाट डोंगराच्या अंगावर ३,९०० मीटरच्या वर नेतो. एकाच सहलीत खालचा शिकाऊ उतारही होतो आणि वरचा खोल बर्फही दिसतो, म्हणून एकाच कामाला वाहिलेला बूट इथे उपयोगाचा नाही.

"बोट लागतंय" म्हणून मोठा नंबर घेणं

सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक हीच.

पुण्यात स्नोबोर्डचे बूट घालून बघायला सहजासहजी मिळत नाहीत. मग ऑनलाइन मागवणं होतं, नाहीतर अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाला सांगितलं जातं. माझ्या भाचीचे बूट असेच न्यू जर्सीहून तिच्या मावशीच्या बॅगेतून कोथरूडला आले. डब्यावर मोंडो २५.५, म्हणजे २५.५ सेंटिमीटर लांब पायाचा नंबर, लिहिलेलं होतं. ती खूश होती, कारण बोटं मोकळी हलत होती. मी तिला कागदावर उभं केलं. डावा पाय २४.२ सेंटिमीटर भरला, उजवा २४.५. म्हणजे बूट पूर्ण एका नंबराने मोठा. "मामा, पण छान वाटतायत की," ती म्हणाली. मी म्हटलं, लेस घट्ट ओढ, गुडघे वाक आणि चवड्यांवर जोर दे. तिने दिला. बाहेरून बूट फरशीला टेकलेलाच होता, पण आतली टाच अंगठ्याएवढी वर आली. ती तिची तिलाच जाणवली.

मोंडो, म्हणजे मोंडोपॉइंट, ही पायाची लांबी थेट सेंटिमीटर किंवा मिलिमीटरमध्ये सांगणारी पद्धत. आपण दुकानात सांगतो तो ब्रिटिश ८ नंबर साधारण मोंडो २७ ला येतो, पण तक्त्यावर विसंबू नका. पाय मोजा. संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या, सर्वांत लांब बोटापाशी पेन्सिल सरळ उभी धरून खूण करा. भिंतीपासून खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचा नंबर. दोन्ही पाय मोजायचे आणि मोठा धरायचा. बसून मोजू नका, कारण उभं राहिल्यावर पाय पसरतो आणि लांबतो.

आता बुटात पाय घातल्यावर काय वाटायला हवं? ताठ उभे राहिलात तर बोटांची टोकं पुढच्या भिंतीला हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून बोर्डवर उभे राहतात तसे उभे राहिलात, की टाच मागे जाते आणि बोटं सुटतात. बोटं आखडली, मुडपली तर बूट लहान आहे. पण नुसती टेकतात म्हणून परत पाठवू नका. ट्रेकच्या बुटात ही तक्रार ठरली असती, इथे ती योग्य मापाची खूण आहे.

आणखी एक कारण आहे. बुटाच्या आतला लायनर, म्हणजे वेगळा निघणारा मऊ थर, फोमचा असतो. पहिल्या काही दिवसांच्या वापरात तो दबतो आणि पायाचा आकार घेतो. आज बसताना जो बूट चपलेसारखा मऊ आणि सैल वाटतो, तो आठवड्याभराच्या वापरानंतर ढिला होतो. ढिल्या बुटावर खात्रीचा इलाज नाही. किंचित घट्ट बुटावर मात्र आहे: अनेक लायनर गरम करून पायाच्या आकारात बसवता येतात. ते काम ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या. घरच्या हेअर ड्रायरने फोम जळू शकतो.

रुंदीचं दुखणं लांबीने सोडवणं

ही चूक पहिलीची सख्खी बहीण. आपल्यापैकी बरेच जण वर्षातला मोठा काळ चपला-सँडलमध्ये असतात, घरात अनवाणी. चवडा पसरलेला असतो. बूट घातला की करंगळीच्या मुळाशी टोचतं, माणूस म्हणतो "लहान होतोय", आणि एक नंबर वर जातो. करंगळीला जागा मिळते, पण टाचेमागेही पोकळी होते.

दुखतंय कुठे ते नीट बघा. बोटांच्या टोकाला दुखतंय तर लांबीचा प्रश्न. करंगळीच्या किंवा अंगठ्याच्या मुळाशी, बाजूने आवळतंय तर रुंदीचा. रुंदीसाठी त्याच लांबीत रुंद साच्याचं मॉडेल शोधा. अनेक कंपन्या नंबरापुढे "वाइड" लिहून असे बूट काढतात, आणि प्रत्येक कंपनीचा मूळ साचाही वेगळा असतो. एका कंपनीचा २७ तुम्हाला जाचतो म्हणून दुसरीचाही जाचेल असं नाही. पायाचा उंचवटा जास्त असेल तर वरून दाब येतो, तिथेही मोठा नंबर हे उत्तर नाही.

टाच न तपासता पैसे देणं

बूट घरी आला की लेबलं न काढता, ज्या मोज्यांवर वापरणार त्याच मोज्यांवर, सतरंजीवर निदान अर्धा तास घालून वावरा. आधी टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवा, मग लायनरची लेस ओढा, मग खालचा भाग, शेवटी वरचा. हा क्रम चुकला की चांगला बूटही ढिला वाटतो. मग घरातल्या कुणाला तरी बुटाची टाच जमिनीवर दाबून धरायला सांगा आणि तुम्ही गुडघे पुढे ढकलून चवड्यांवर या. टाच किंचित हलणारच, तेवढं चालतं. ती सुटून वर आली तर बूट तुमचा नाही.

फरक थोडाच असेल तर उपाय आहेत. घोट्याभोवती बसणाऱ्या, इंग्रजी जे अक्षराच्या आकाराच्या फोमच्या पट्ट्या मिळतात, त्या लायनरला बाहेरून चिकटवतात. घोट्यामागची पोकळी भरते आणि टाच खाली राहते. पायाला कमान असेल आणि बुटातलं आतलं तळवं सपाट असेल, तर ते बदलून चांगलं तळवं घातल्यानेही बराच फरक पडतो. पण या सगळ्या किरकोळ दुरुस्त्या आहेत. एका नंबराने मोठा बूट त्यांनी सुधारत नाही. भाचीने पट्ट्या लावायचा हट्ट धरला होता, शेवटी बूट बदलूनच घेतला.

अर्ध्या तासात सगळीकडून सारखी पकड जाणवत असेल तर उत्तम. एकाच बिंदूवर टोचत असेल किंवा बोटं बधिर होत असतील तर "वापरून सैल होईल" म्हणून ठेवून घेऊ नका. एका ठिकाणचं टोचणं बर्फात वाढतं.

फ्लेक्सचा आकडा शब्दशः घेणं

बूट किती कडक आहे हे १ ते १० अशा आकड्यात सांगतात. १ म्हणजे अगदी मऊ, १० म्हणजे जवळजवळ न वाकणारा. ऑल-माउंटनसाठी मधला, ५ च्या आसपासचा फ्लेक्स बहुतेकांना पुरतो, नवशिक्याला ३-४ सुद्धा. हा आकडा मात्र कोणत्याही एका मापदंडावर ठरलेला नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या बुटांची आपापसात तुलना करून तो लिहिते. एकीचा ५ दुसरीच्या ७ इतका कडक असू शकतो.

पुणेकरांनी इथे एक गोष्ट खास लक्षात ठेवायला हवी. आपण बूट तपासतो तो एप्रिल-मेच्या उकाड्यात, पंख्याखाली. तोच बूट जानेवारीत शून्याखालच्या थंडीत घातला की प्लास्टिक आणि फोम दोन्ही आखडतात आणि तो घरच्यापेक्षा कडक लागतो. दिवाणखान्यात "थोडा कडक आहे, पण जमेल" वाटणारा बूट अफरवाटवर जमेलच असं नाही. वजनही मोजा: ५० किलोच्या मुलीला आणि ९० किलोच्या पुरुषाला एकाच फ्लेक्सचा बूट सारखा वाकत नाही. शिकताना मऊपणाकडे झुका. चुकलेलं वळण मऊ बूट माफ करतो, कडक बूट तिथेच आपटवतो.

मोजे, लेस आणि बाकीचं

एकच जोडी, पातळ ते मध्यम, मेरिनो लोकरीची किंवा सिंथेटिक. सुती नको, घाम धरून ठेवते आणि पाय गार पडतो. दोन जोड्या घातल्याने ऊब वाढत नाही. सुरकुत्या पडतात, रक्त अडतं, आणि पाय उलट जास्त गारठतो. थंडीच्या भीतीने घराघरांत विणलेले जाड मोजे निघतात. ते रात्री हॉटेलवर घाला.

लेसचे तीन प्रकार. साधी लेस हाताने कुठे किती ओढायची ते तुम्हीच ठरवता, आणि तुटली तर कुठेही बदलता येते. ओढून अडकवायची जलद लेस हातमोज्यांसकट आवळता येते. तिसरी बोआ, म्हणजे चकती फिरवून तार आवळायची पद्धत. २००१ मध्ये ती आधी स्नोबोर्डच्या बुटांवरच आली. एकाच चकतीच्या बुटात खालचा आणि वरचा भाग एकत्र आवळतो, म्हणून शक्य असेल तर दोन चकत्यांचा घ्या. बोआ घेतलात तर दुरुस्तीचं किट पुण्याहूनच बॅगेत टाका.

बाइंडिंगचा माप-तक्ता बुटाच्या नंबराशी ताडून बघा. बूट बोर्डाच्या दोन्ही कडांबाहेर थोडा येणं चालतं. फार बाहेर आला तर वळणावर बोट किंवा टाच बर्फात घासते, आणि मोठ्या पायांना रुंद बोर्ड लागतो. पट्ट्यांशिवाय दाबून अडकणारी बाइंडिंग त्याच पद्धतीच्या खास बुटांनाच चालते, हे विकत घेण्याआधी तपासा.

उतारावर त्रास सुरू झाला तर

बोटं बधिर झाली तर आधी पायाच्या उंचवट्यावरचा भाग आणि बाइंडिंगचा घोट्याचा पट्टा सैल करा. नवशिके टाच हलते म्हणून तिथेच अधिकाधिक आवळतात आणि वरून जाणारी रक्तवाहिनी दाबतात. घट्टपणा घोट्यापाशी आणि वरती हवा, पंज्यावर नको.

तळव्यात गोळे येत असतील तर बहुतेक वेळा पाय आत बोटांनी पकड घेतोय, म्हणजे बूट सैल आहे किंवा कमानीला आधार नाही. नडगीला रेघ उमटून दुखत असेल तर बुटाच्या आत हात घालून बघा. निम्म्याहून जास्त वेळा थर्मल पँटचा काठ बुटात खोचलेला सापडतो. मोज्याशिवाय दुसरं काहीही बुटाच्या आत जाता कामा नये. थर्मल बुटाच्या वर थांबवा.

भाड्याचे बूट घेत असाल तर रांग आहे म्हणून घाई करू नका. टाचेची तपासणी तिथेही तशीच करा, लायनर हाताने दाबून बघा. पूर्ण दबलेला, मऊ पडलेला लायनर असेल तर दुसरा जोड मागा, आणि एक नंबर लहान घालून बघा.

संध्याकाळी लायनर शेलमधून, म्हणजे बुटाच्या बाहेरच्या कडक कवचातून, बाहेर काढा. गुलमर्गच्या खोल्यांत बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, असते आणि सगळेजण बूट तिच्या अंगाला टेकवून ठेवतात. त्याने फोम आकसतो आणि गोंद सुटतो. दोन हात लांब ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने ते बदला.

खरं नुकसान मात्र घरी परतल्यावर होतं. बूट डब्यात घालून माळ्यावर जातात आणि जून ते सप्टेंबर पुण्याची दमट हवा खात बसतात. लायनरला बुरशी येते, सोलचा गोंद सुटतो. ट्रेकचे बूट दोन वर्षांनी काढले आणि पहिल्याच चढाला सोल हातात आला, हा अनुभव इथे अनेकांना आहे. कारण तेच. बूट पूर्ण वाळवून, लायनर वेगळा काढून, डब्याबाहेर हवेशीर कपाटात ठेवा. पावसाळ्यात अधूनमधून बाहेर काढून पंख्याखाली धरा. दिवाळीनंतर तिकीट काढण्याआधी एकदा पायात घालून सोलची कड अंगठ्याने दाबून बघा. सुटत असेल तर चिकटवून घ्यायला तेव्हा वेळ असतो.