आपला सिनेमा आपणच ऑनलाइन विकायचा, तर सेवा कशी निवडावी

सिनेमा पूर्ण होतो, दोन-तीन महोत्सवांत दाखवला जातो, छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ महोत्सवात टाळ्याही पडतात. मग थिएटरवाले शो देत नाहीत, दिलाच तर सकाळचा देतात. मराठवाड्यातल्या बऱ्याच स्वतंत्र निर्मात्यांचं काम इथे येऊन अडतं आणि ऑनलाइन विक्रीचा शोध सुरू होतो. त्या शोधात पहिला प्रश्न ठरलेला असतो, की ही सेवा किती टक्के कापते? माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर यायला हवा. आपला प्रेक्षक पैसे कसे देणार, हे आधी पाहावं. नंतर हक्क किती काळासाठी हातातून जातात ते पाहावं. टक्क्यांचा हिशेब त्यानंतरचा.

पहिली पायरी: प्रेक्षक कोण, ते कागदावर लिहा

समजा सिनेमा ऊसतोड कामगारांवर आहे. त्याचे प्रेक्षक कोण? बीड, धारूर, केज, पाथर्डीकडची माणसं, पुण्या-पिंपरीत कामाला गेलेली त्यांची मुलं, आणि परदेशातले थोडे मराठी लोक. यातले पहिले दोन गट पैसे देतात ते यूपीआयने. परदेशी संकेतस्थळं मात्र बहुतेक वेळा आंतरराष्ट्रीय कार्ड मागतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधल्या नियमानुसार नवं कार्ड मिळतं तेव्हा त्याची ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय वापराची सोय बंदच असते, ग्राहकाने ती स्वतः सुरू करावी लागते. एका सिनेमासाठी एवढा खटाटोप फार थोडे लोक करतील. बाकीचे पैसे भरायच्या पानावरूनच परत जातील, आणि ते आले होते हे आपल्याला कळणारही नाही.

डेटाचाही हिशेब करा. १०० मिनिटांचा सिनेमा सेकंदाला ५ मेगाबिट या दराने पाहिला तर साधारण पावणेचार जीबी जातात. दीड मेगाबिटने पाहिला तर सव्वा जीबीच्या आत काम होतं. ज्याच्या रिचार्जमध्ये रोजचे दीड जीबी मिळतात, तो पहिल्या दराने तुमचा सिनेमा एका दिवसात संपवूच शकत नाही. त्यामुळे चित्राचा दर्जा आपोआप खाली आणणारी, निदान प्रेक्षकाला तो निवडू देणारी सेवाच घ्या. डाउनलोड करून नंतर पाहता आलं तर उत्तमच.

तारीखही प्रेक्षक पाहूनच ठरते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच, गावी परततात. तोडणीच्या दिवसांत पहाटेपासून रात्रीपर्यंत फडात असलेल्या माणसाकडून सिनेमा पाहायची अपेक्षा धरू नये.

दुसरी पायरी: सेवांचे प्रकार वेगळे ओळखा

एक प्रकार थेट विक्रीचा. स्वतःचं संकेतस्थळ, त्यावर चोरी रोखणारं डीआरएम असलेला व्हिडिओ प्लेअर आणि भारतीय पेमेंट गेटवे, म्हणजे प्रेक्षकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन आपल्याकडे पोचवणारी सेवा. गेटवेचा खर्च साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. व्हिडिओ साठवण्याचं आणि दाखवण्याचं भाडं वेगळं. परदेशात हेच काम व्हिमिओ ऑन डिमांडने २०१३ मध्ये सुरू केलं, तेव्हा व्यवहाराचा खर्च वजा जाता ९० टक्के निर्मात्याला, अशी त्यांची वाटणी होती. थेट विक्रीत प्रेक्षकाचा ईमेल किंवा फोन, त्याच्या संमतीने, आपल्याकडे राहतो. पुढच्या सिनेमाच्या वेळी ही यादी पैशांपेक्षा जास्त कामाला येते, म्हणून जी सेवा ती देत नाही तिला मी एक पायरी खाली ठेवतो.

दुसरा प्रकार ॲग्रीगेटरचा. तो मध्यस्थ तुमचा सिनेमा अनेक मंचांपर्यंत पोचवतो. काही ॲग्रीगेटर आधी फी घेतात, काही येणाऱ्या उत्पन्नातला वाटा. फिल्महबने ओळखीची केलेली रीत अशी, की सुरुवातीला फी नाही आणि उत्पन्नातले २० टक्के त्यांचे. आधी फी घेणाऱ्यांच्या बाबतीत डिस्ट्रिबरचं उदाहरण माहीत असायलाच हवं. ही अमेरिकी कंपनी फी घेऊन सगळं उत्पन्न निर्मात्याला देण्याचं वचन देत असे. २०१९ मध्ये ती कोसळली आणि अनेक निर्मात्यांचे पैसे अडकले. मंचांकडून येणारा पैसा मध्यस्थाच्या खात्यात जमा होत असेल, तर तो किती दिवसांनी आपल्याकडे येतो आणि मध्यस्थ बुडाला तर सिनेमाचं काय होतं, हे लेखी विचारा.

लघुपट आणि माहितीपट करणाऱ्यांसाठी एक इशारा. २०१६ मध्ये ॲमेझॉनने प्राइम व्हिडिओ डायरेक्ट सुरू केलं आणि कुणालाही आपलं काम तिथे चढवता येऊ लागलं. २०२१ मध्ये त्यांनी त्यांनी मागवले नसताना निर्मात्यांनी स्वतःहून पाठवलेले माहितीपट आणि लघुपट घेणं थांबवलं. मोठ्या मंचाचं दार उघडं आहे, ही माहिती ऐकीव असेल तर तिच्यावर नियोजन करू नका. सही करायच्या दिवशीच्या अटी वाचा.

तिसरा प्रकार यूट्यूब. जाहिरातीतून पैसे मिळायला १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचं पाहणं लागतं. त्यानंतर लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींचे ५५ टक्के चॅनेलला मिळतात. यूट्यूब शेवटी ठेवा. सिनेमा एकदा फुकट दिसू लागला की त्यासाठी पैसे देणारा मंच सापडत नाही, आणि बरेच महोत्सवही दार बंद करतात.

तिसरी पायरी: करार वाचा, दोनदा वाचा

कॉपीराइट कायदा १९५७ मधलं कलम १९ प्रत्येक निर्मात्याने एकदा तरी वाचावं. हक्क देण्याचा करार लेखीच लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. घेणाऱ्याने वर्षभर ते हक्क वापरलेच नाहीत तर ते संपतात, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. छापील करारात नेमकं तेच वेगळं लिहिलेलं असतं. ‘सर्व माध्यमे, संपूर्ण जग, कायमस्वरूपी’ हे शब्द दिसले तर पेन खाली ठेवा आणि वकिलाला दाखवा.

मला महत्त्वाच्या वाटतात त्या अटी अशा. हक्क एकाच मंचाला बांधलेले नसावेत, आणि बांधायचेच असतील तर त्या बदल्यात ठोस रक्कम मिळावी. मुदत एक-दोन वर्षांची असावी. सिनेमा काढून घ्यायचा म्हटलं तर किती दिवसांत उतरवणार, तो आकडा लिहिलेला असावा. ‘प्रसिद्धी खर्च’ या नावाखाली काय काय वजा होणार आणि कुठपर्यंत, तेही. किती रक्कम साठल्यावर पैसे सोडतात हेही पाहा. ती मर्यादा मोठी असेल तर छोट्या सिनेमाचे पैसे वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतात.

आता टक्के पाहू. तिकीट ४९ रुपये ठेवलं आणि यूपीआय असलेल्या आपल्या संकेतस्थळावर ५०० जणांनी ते काढलं, तर २४,५०० रुपये येतात. गेटवे साधारण ५७८ रुपये घेईल. तोच सिनेमा १० टक्के कापणाऱ्या, पण फक्त कार्ड घेणाऱ्या सेवेवर टाकला आणि निम्मे प्रेक्षक पैसे भरायच्या पानावर अडले, तर हाती ११,०२५ रुपये येतात. पहिल्या रकमेतून व्हिडिओचं भाडं आणि लागू असेल तो कर जाईल. तरीही दोन रकमांमध्ये मोठी तफावत उरते, आणि ती टक्क्यांतून आलेली नाही.

चौथी पायरी: कागद आणि फाइल

चांगली सेवा तुमच्याकडे हक्कांचे कागद मागते. कथा, संवाद, छायाचित्रण, नट, संगीत, प्रत्येकाची लेखी संमती हवी. आपल्याकडे घोटाळा होतो तो लोकसंगीतात. पारंपरिक ओवी किंवा भारूड कुणा एकाच्या मालकीचं नसतं. पण एखाद्या मंडळाने ते गाऊन केलेलं ध्वनिमुद्रण मालकीचं असतं, आणि गाणाऱ्यांचे कलाकार म्हणून हक्क असतात. गोंधळ्यांना, शाहिरांना मानधन देऊन, मराठीत लिहिलेल्या आणि वाचून दाखवलेल्या कागदावर सही घ्या. हे मानधन नुसता सोपस्कार नाही, ती त्यांची कमाई आहे.

मास्टर फाइल, म्हणजे सिनेमाची अंतिम मूळ प्रत, प्रोरेस या उच्च दर्जाच्या व्हिडिओ प्रकारात, आवाज स्टीरिओ आणि जमल्यास ५.१ (सहा वाहिन्यांचा सराउंड), सबटायटल वेगळ्या एसआरटी या मजकुराच्या फाइलमध्ये. चित्रातच कायमची मिसळलेली सबटायटलं अनेक मंच नाकारतात. इंग्रजी सबटायटल आपली बोली कळणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या, मग त्याला दोन आठवडे जास्त लागले तरी चालतील.

ऑनलाइन दाखवायला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही. अंबाजोगाईच्या सभागृहात तिकीट लावून दाखवायचा असेल किंवा राष्ट्रीय पुरस्कारासाठी पाठवायचा असेल, तर लागतं. ऑनलाइन मंचाला २०२१ च्या नियमांनुसार वयोगटाचं वर्गीकरण करावं लागतं. बिडी-तंबाखूची दृश्यं असतील तर सप्टेंबर २०२३ पासून इशारे दाखवणंही बंधनकारक आहे. आपल्या ग्रामीण सिनेमात अशी दृश्यं येतातच. हे इशारे कोण जोडणार, मंच की आपण, ते आधी ठरवा.

पाचवी पायरी: सही करण्याआधी चाचणी

सेवेकडे चाचणीची लिंक मागा. ती आपल्या एडिटिंगच्या खोलीत उघडू नका. जिंतूर किंवा भूमकडच्या एखाद्या गावात, जुन्या अँड्रॉइड फोनवर, संध्याकाळी नेटवर्कवर ताण असताना उघडा. पैसे भरण्यापासून सिनेमा सुरू होईपर्यंत किती वेळा बोट लावावं लागतं ते पाहा. हे काम घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती द्या आणि मध्ये बोलू नका. अडचण आली की मदतीचा क्रमांक लावा, कुणी मराठीत बोलतं का ते कळेल.

अमेरिकी सेवा निवडली तर पॅन तयार ठेवा आणि डब्ल्यू-८ बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म पहिल्या विक्रीआधीच भरा. तो नसेल तर तिथल्या उत्पन्नातून ३० टक्के कर कापला जाऊ शकतो. भारत-अमेरिका कर करार लागू करून घेतला तर रॉयल्टीवर तो साधारण १५ टक्क्यांवर येतो, आणि कापलेल्या कराचं प्रमाणपत्र भारतातलं विवरण भरताना उपयोगी पडतं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक रकमेवर बँक शुल्क घेते, म्हणून दर महिन्याऐवजी तिमाहीला पैसे मागवता येतात का, तेही विचारून घ्या.