कार्यशाळेला जाताना आपला कोरा अर्ज सोबत न्यावा
बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागातील पतसंस्थेला माहितीच्या गोपनीयतेवरील कार्यशाळेला एकच कर्मचारी पाठवायचा असेल, तर संगणक सांभाळणाऱ्याऐवजी काउंटरवर रोज सभासदांचे अर्ज भरून घेणाऱ्या कारकुनाला पाठवावे आणि त्याच्याजवळ संस्थेच्या कर्जअर्जाचा कोरा नमुना द्यावा. अर्जातील एकेक रकाना दाखवून ‘ही माहिती नेमकी कशासाठी हवी?’ असे त्याने प्रशिक्षकाला विचारावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय सभासदाला देण्याची तरतूद आहे. त्या अनुसूचीत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत, त्यामुळे आपल्याकडचा भाषेचा वाद निदान या कागदापुरता तरी उद्भवू नये.

सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) कळवण्याचा निर्देश २०२२ पासून आहे. त्याचा प्रत्यक्ष सराव करून घेणार का, हे शुल्क भरण्यापूर्वीच विचारावे. नावनोंदणीसाठीच आधार क्रमांक मागणाऱ्या आयोजकाकडे मी तरी जाणार नाही.

एका संस्थेत मला मिळालेल्या पावतीच्या पाठीमागे दुसऱ्याच सभासदाच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती, पत्त्यासकट स्पष्ट वाचता येणारी. पाठकोऱ्या कागदांचा हा विषय सॉफ्टवेअरवर भर देणाऱ्या सत्रांत सहसा निघत नाही, म्हणून तो आपणच काढावा.