पेशी दुभंगताना कॅमेऱ्यात पकडायचीय? या चुका टाळा

आमच्या पडद्यावर सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याचं एक अंडं दोनाऐवजी एकदम चार पेशींत फुटलं, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. वाटलं, काहीतरी नवीन सापडलं. सापडलं काहीच नव्हतं, शुक्राणू जास्त पडले होते. एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले की दोघंही आपापलं तारककाय (पेशी दुभंगताना तिचे ध्रुव ठरवणारा भाग) घेऊन येतात. मग गुणसूत्रं ओढणाऱ्या धाग्यांना, म्हणजे तुर्कतंतूंना, दोनाऐवजी चार ध्रुव मिळतात आणि गुणसूत्रांची वाटणी विस्कटते. (जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी हेच मुद्दाम घडवून आणलं आणि १९०२ मध्ये दाखवलं, की प्रत्येक गुणसूत्राचं काम वेगळं असतं. आमच्या गोंधळातून असलं काही निघालं नाही.) वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत तेव्हापासून एक नियम आहे: पडद्यावर नवल दिसलं की आधी आपला हात तपासायचा, मग गर्भ.

शुक्राणूंचा उपाय सोपा आहे. ते पाणी न घालता बर्फावर ठेवा आणि वापरायच्या क्षणीच समुद्राच्या पाण्यात पातळ करा. दोनेक मिनिटांत अंड्यांभोवती पारदर्शक आवरण उठलेलं दिसलं पाहिजे. शंभरातल्या नव्वदपेक्षा कमी अंड्यांवर ते असेल, तर ती खेप सोडून द्या. आवरण सगळ्यांवर आहे पण विभाजन वेडंवाकडं होतंय, तर पुढच्या वेळी शुक्राणू आणखी दहापट पातळ करा.

अर्चिन कधी आणायचे?

यात आम्ही एक अख्खा आठवडा घालवला. खडक उघडे पडतील म्हणून भल्या पहाटे गेलो, तर पाणी उतरायलाच तयार नाही. जाळं विणत बसलेले एक काका म्हणाले, "अष्टमीक येवन काय गावतला? अवसेक येवा." अष्टमीच्या आसपासच्या, म्हणजे भांगाच्या भरतीला पाणी फार चढत नाही, तसंच फार उतरतही नाही. अर्चिन बसतात त्या खालच्या कपारी अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीलाच उघड्या पडतात. आणि हो, मालवणच्या सागरी अभयारण्यात (ते १९८७ पासून आहे) परवानगीशिवाय हात घालायचा नाही.

पाणीही बघून भरा. खुल्या समुद्रात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी ते खूपच खाली येतं. अशा पाण्यात अंडी फुगतात आणि आपण दोष देतो गुणसूत्रं दिसावीत म्हणून घातलेल्या रंगाला. आम्ही खाडीपासून लांब, पाऊस सरल्यावर पाणी भरतो आणि गाळून वापरतो.

याच्या उलटा घोटाळा काचपट्टीवर होतो. आच्छादन-काचेखालचा थेंब एसीच्या वाऱ्यात सुकत जातो, मीठ वाढतं, गर्भ आकसतो. कडा बंद करायला नेलपॉलिश नको, त्यातलं द्रावक जिवंत गर्भाला मारतं. व्हॅसलिन, लॅनोलिन आणि पॅराफिन समभाग वितळवून लावा. फक्त कडा बंद केल्यावर आत गर्भांची गर्दी नको, प्राणवायू पुरत नाही.

प्रकाशच मारतो

बाकीच्या चुका लगेच दिसतात, ही दिसत नाही. चित्र सुंदर येतं, गुणसूत्रं मध्यावस्थेत छान ओळीत उभी राहतात आणि तिथेच अडकतात. नवखा माणूस त्याला विभाजनातला बिघाड समजतो. बिघाड रंग चकाकवायला टाकलेल्या लेसरचा असतो. चकाकणारा रंग प्रकाश शोषतो, त्यातून प्राणवायूचे उग्र रेणू तयार होतात आणि ते पेशीला पोळतात.

हिशोब मांडून बघा. एका गर्भाचे ४० थर, दर १० सेकंदांनी, तासभर. म्हणजे ३६० फेऱ्या आणि थरांची १४,४०० चित्रं. साध्या कॉन्फोकलमध्ये (लेसरने एकेक थर टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) एक थर टिपताना वरखालचे सगळे थरही उजळतात, म्हणून पेशीच्या प्रत्येक भागाला १४,४०० वेळा प्रकाश सोसावा लागतो. लाइट-शीट पद्धतीत प्रकाशाचा पातळ पडदा बाजूने येतो आणि टिपायचा तेवढाच थर उजळतो, म्हणून त्याच भागाच्या वाट्याला जेमतेम ३६० खेपा येतात. हायडेलबर्गच्या गटाने २००४ मध्ये ही पद्धत जिवंत गर्भांवर वापरून दाखवली, तेव्हा तिचं एवढं कौतुक झालं ते यामुळेच.

लाइट-शीट नसेल तर थर कमी करा आणि लेसर उतरवा. चित्र थोडं दाणेदार आलं तरी चालेल. फेऱ्यांमधलं अंतर मात्र आंधळेपणाने वाढवू नका. गुणसूत्रं दोन ध्रुवांकडे सरकतात ती पश्चावस्था काही मिनिटांचीच असते. पाच मिनिटांनी एकदा चित्र घेतलंत तर ती कदाचित निसटूनच जाईल. केंद्रक दाखवायला होएक्स्टसारखा निळा रंग वापरायचा मोह टाळा. त्याला लागणारा ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश डीएनएला चिकटलेल्या रंगावरच पडतो. लाल चकाकणारं हिस्टोन (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेलं असतं ते प्रथिन) बरं.

आणि कसोटी एकच: त्याच खेपेतले काही गर्भ त्याच टेबलावर, पण अंधारात ठेवा. ते सोळा पेशींवर पोचले आणि भिंगाखालचे आठावरच रेंगाळले, तर लेख लिहायला बसू नका.

तापमानाचं थोडक्यात: लेसरसाठी खोली २० अंशांवर आणि समुद्र २८ वर, असं असेल तर विभाजन मंदावणारच. शिवाय एसी नुकताच लावलेला असताना धातू आकुंचन पावत राहतो आणि फोकस सरकत जातो. तासभर आधी लावा, मग सुरू करा.

तेलाचं भिंग पाण्यातल्या गर्भावर वापरलं, की वरचे थर स्वच्छ आणि खोलातले धुकट दिसतात. तेलाचा अपवर्तनांक १.५१५, पाण्याचा १.३३, म्हणजे जितकं आत जावं तितकी गल्लत वाढणार. पाण्यात बुडणारं भिंग घ्या, आच्छादन-काच ०.१७ मिलिमीटरचीच घ्या.

राहता राहिली कोकणातली खास अडचण. जून ते सप्टेंबर भिंगांना बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. काम नसेल तेव्हा भिंगं सिलिका जेलच्या डब्यात ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून घ्या. जाळी आलीच तर स्वतः पुसायला जाऊ नका. आमच्या साठपटीच्या भिंगावर माझ्या रुमालाचा ओरखडा अजून आहे, आणि दर चित्रात डाव्या कोपऱ्यात तो दिसतो.