डोमेन अनेक, साइन-इन नाव एकच: हे कसे जमवायचे?

नाव तेच, पासवर्ड तोच, तरीही दुसऱ्या विभागातल्या संगणकावर बसलो की ‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा’ असा संदेश येतो. मग माणूस पासवर्ड बदलतो, पुन्हा अडकतो, खाते लॉक होते. अनेक डोमेनच्या, म्हणजे खाती आणि संगणकांच्या वेगवेगळ्या गटांच्या, नेटवर्कमध्ये अशा वेळी पासवर्ड आधी तपासू नका. तुमचे नाव कोणत्या डोमेनमध्ये शोधले जात आहे, ते आधी बघा.

विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे नेटवर्कमधली खाती सांभाळणाऱ्या यंत्रणेत, प्रत्येक खात्याला दोन साइन-इन नावे असू शकतात, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. जुने नाव विंडोज एनटीच्या काळापासून चालत आले आहे: आधी डोमेन, मग बॅकस्लॅश, मग नाव. उदाहरणार्थ, विक्री\सजोशी. यात डोमेनच्या नावाला १५ आणि व्यक्तीच्या नावाला २० अक्षरांची मर्यादा आहे. हे नाव फक्त आपल्या डोमेनपुरते एकमेव असते. म्हणजे विक्री\सजोशी आणि हिशेब\सजोशी ही दोन वेगळी माणसे असू शकतात. नुसते ‘सजोशी’ टाइप केले, तर पासवर्डच्या चौकटीखाली ज्या डोमेनचे नाव दिसते तिथेच ते शोधले जाते. ती बारीक ओळ वाचायची सवय लावून घ्या. नावाआधी टिंब आणि बॅकस्लॅश दिले, तर संगणक डोमेन सोडून स्वतःवरचे स्थानिक खाते शोधतो.

दुसरे नाव विंडोज २००० बरोबर आले: यूझर प्रिन्सिपल नेम, म्हणजेच यूपीएन. ते ईमेलसारखे दिसते, सजोशी@कंपनी.कॉम असे, पण ते ईमेल असलेच पाहिजे असे नाही. शिवाय ॲटनंतरचा भाग, म्हणजे सफिक्स, खाते ज्या डोमेनमध्ये आहे त्याचाच असावा असेही बंधन नाही. माझ्या मते या विषयात सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. खाती पाच डोमेनमध्ये विखुरलेली असली तरी सगळ्यांना एकाच सफिक्सचे नाव देता येते. खाते नेमके कुठे आहे ते ग्लोबल कॅटलॉग शोधून देतो. फॉरेस्टमधल्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या डोमेनच्या समूहातल्या, सगळ्या डोमेनची संक्षिप्त सूची त्याच्याकडे असते. म्हणूनच यूपीएन संपूर्ण फॉरेस्टमध्ये एकमेव असावे लागते.

आता कामाला लागू. आधी आपले नाव बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘हू-ॲम-आय’ (whoami) ही आज्ञा जुने नाव दाखवते. तिच्यापुढे ‘स्लॅश यूपीएन’ (/upn) जोडले की नवे दिसते.

मग सफिक्स ठरवा. इंटरनेटवर तुमच्या मालकीचे असलेले डोमेन-नाव घ्या. आतल्या नेटवर्कसाठी घेतलेले ‘डॉट लोकल’ टाळा. मायक्रोसॉफ्ट ३६५ शी खाती जोडताना ते डोमेन पडताळता येत नाही आणि लोकांना ‘ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉम’चे नाव मिळते.

सफिक्स जोडण्यासाठी ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन्स अँड ट्रस्ट्स’ उघडा, सर्वांत वरच्या नोंदीवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज निवडा आणि यूपीएन सफिक्सच्या टॅबमध्ये नाव भरा. एवढ्याने कोणाचेच नाव बदलत नाही. फक्त पर्याय उपलब्ध होतो.

नावे बदलण्याआधी सगळ्या डोमेनची यादी एकत्र करून दुहेरी नावे शोधा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती गाळू नका. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पूर्वीचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे साइन-इन तपासणारे सर्व्हर, दुहेरी यूपीएनला अटकाव करत नसत, त्यामुळे जुन्या नेटवर्कमध्ये अशा जोड्या दडलेल्या असतात. विक्रीतला आणि हिशेबातला ‘सजोशी’ एकाच सफिक्सखाली आले, तर एकाच्या नावात वडिलांच्या नावाचे आद्याक्षर घाला. नोकरी सोडून गेलेल्याचे नाव लगेच दुसऱ्याला देऊ नका. त्याची पत्रे आणि नोंदी नव्या माणसाच्या माथी येतात.

नंतर खात्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अकाउंट’ टॅबवर नवा सफिक्स निवडा, आधी आठ-दहा जणांपुरताच. फोल्डरवरचे हक्क जातील ही भीती बाळगू नका. हक्क नावाला नव्हे, एसआयडी या अंतर्गत क्रमांकाला चिकटलेले असतात, आणि नाव बदलले तरी तो बदलत नाही. खाते दुसऱ्या डोमेनमध्ये हलवले की मात्र नवा एसआयडी मिळतो. म्हणून नाव बदलणे आणि खाते हलवणे ही कामे एकाच दिवशी करू नका; बिघाड झाला तर कशामुळे झाला ते कळणार नाही.

शेवटी दुसऱ्या डोमेनच्या संगणकावर नव्या नावाने साइन-इन करून बघा. जिथे जुने यूपीएन साठवलेले आहे ती ठिकाणेही तपासा: फोनवरची खाती, जतन केलेले पासवर्ड आणि विशेषतः स्मार्ट कार्ड, कारण त्यातल्या प्रमाणपत्रात यूपीएन लिहिलेले असू शकते.

दोन संस्था एकत्र आल्या आणि दोन फॉरेस्टमध्ये ट्रस्ट, म्हणजे एकमेकांची खाती मान्य करणारा दुवा, जोडला, तर एकच सफिक्स दोन्हीकडे ठेवू नका. सफिक्स पाहूनच विनंती कोणत्या फॉरेस्टकडे पाठवायची ते ठरते, आणि एक सफिक्स एकाच दिशेने जाऊ शकतो. असा संघर्ष मिटेपर्यंत पलीकडच्या लोकांना बॅकस्लॅशचे जुने नाव वापरायला सांगा.