गाडीतला फ्रिज घेताना आधी हे विचारा: गाडी किती तास उभी राहणार?

गाडीत न्यायचा फ्रिज घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न लिटरचा विचारतो आणि दुसरा किमतीचा. माझ्या मते आधी घरी बसून वेगळाच हिशेब करायला हवा. मुक्कामाला पोचल्यावर तुमची गाडी इंजिन बंद करून सलग किती तास उभी राहणार? गाडी चालू असताना कुठल्याही फ्रिजला विजेची चणचण नसते. कस लागतो तो रात्री, तंबू ठोकून झाल्यावर.

आम्ही नागपूरचे. दिवाळीनंतर ते थेट मे महिन्यापर्यंत तंबू घेऊन फिरतो, कधी चिखलदरा, कधी नवेगावबांध, कधी पचमढी. आई सोबत असते आणि ती इन्सुलिन घेते, त्यामुळे आमच्यासाठी गाडीतला फ्रिज चैनीची वस्तू नाही. म्हणूनच कुणी सल्ला मागितला की मी जरा सविस्तर बोलते.

दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले दोन डबे बाहेरून सारखेच दिसतात, पण आतली यंत्रणा पूर्ण वेगळी असते. एक पेल्टियरचा, दुसरा कंप्रेसरचा. पेल्टियरमध्ये एक चपटी चकती असते. तिला वीज मिळाली की एक बाजू गार होते, दुसरी गरम होते आणि पंखा ती गरमी बाहेर फेकतो. हलका, स्वस्त, बिघडायला फारसं काही नाही. पण हा डबा बाहेरच्या हवेपेक्षा साधारण वीस अंशच खाली जाऊ शकतो. महाबळेश्वरला डिसेंबरात ते पुरेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहूनही जास्त. म्हणजे डब्यात पंचवीस-तीस अंश. त्यात दूध ठेवलं काय आणि ओट्यावर ठेवलं काय, फरक नाही. आणि एवढं करूनही हा डबा ४५-५० वॅट वीज अखंड खात राहतो, मध्ये थांबत नाही.

कंप्रेसरचा फ्रिज घरच्या फ्रिजसारखाच चालतो, फक्त १२ व्होल्टवर. चालू असताना तोही साधारण ४५ ते ६० वॅट घेतो, पण हवं ते तापमान आलं की बंद पडतो आणि गरज लागली की पुन्हा सुरू होतो. उणे १८-२० पर्यंत जातो, म्हणजे खरंखुरं गोठवतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथे उन्हाळ्यात फिरणार असाल तर दुसऱ्या कशाचा विचार करू नका. गॅसवर चालणारा तिसरा प्रकारही असतो, पण तो सपाट जागेवरच नीट चालतो आणि ज्योत असल्यामुळे गाडीच्या आत लावायचा नसतो. तो सोडून द्या.

ओळखायचं कसं? खोक्यावरचा मजकूर वाचा. ‘बाहेरच्या तापमानापेक्षा अमुक अंश कमी’ असं लिहिलेलं असेल तर तो पेल्टियर. थेट उणे आकडा असेल तर कंप्रेसर. आणि मागच्या पट्टीवर हवामानाचा वर्ग बघा. ‘एन’ म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ म्हणजे ३८ पर्यंत, ‘टी’ म्हणजे ४३ पर्यंत चालण्यासाठी बनवलेला. ‘टी’ असलेलाच घ्या.

आता विजेचा हिशेब. समजा ४५ वॅटचा कंप्रेसर आहे आणि गरमीमुळे निम्मा वेळ चालतोय. सरासरी साडेबावीस वॅट. संध्याकाळी सात ते सकाळी सात, बारा तास, म्हणजे २७० वॅट-तास. त्याला १२ ने भागा, साडेबावीस अँपिअर-अवर (एएच). आमच्या डिझेल गाडीची बॅटरी ६५ एएचची आहे, तिच्यातून एक तृतीयांश गेलं तरी सकाळी स्टार्टर फिरतो. पण लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ एएचची असते. तिच्यातून तेवढंच काढलं तर साठ टक्क्यांहून जास्त संपली. सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसतं टकटक ऐकू येईल आणि तुम्ही असाल जंगलाच्या कडेला, जिथे मोबाइलला रेंज नाही. शिवाय गाडीची बॅटरी स्टार्टरला क्षणभर जोराचा करंट द्यायला बनवलेली असते. रोज रात्री अर्धी रिकामी केली तर ती लवकर मरते.

म्हणून नियम असा ठेवा. एकच रात्र, गाडी मोठी, सकाळी निघायचंच आहे, तर गाडीची बॅटरी चालेल. दोन दिवस एकाच जागी तळ असेल, किंवा गाडी लहान असेल, तर वेगळी वीज हवी. पॉवर स्टेशन म्हणून जो बॅटरीचा सुटा डबा मिळतो, त्याचं ५०० वॅट-तासांचं युनिट वरच्या हिशेबाने एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराच भाग निभावतं. फ्रिज त्याच्या १२ व्होल्टच्या सॉकेटलाच लावा. २३० व्होल्टच्या प्लगला लावला तर आधी डीसीचं एसी आणि मग पुन्हा एसीचं डीसी होण्यात फुकट वीज जाते. लिथियम फेरो फॉस्फेटची सुटी बॅटरी स्वस्त पडते, पण गाडी चालताना ती भरायला डीसी टू डीसी चार्जर बसवून घ्यावा लागतो. दोन्हींपैकी काहीही घ्या, भर उन्हात बंद गाडीत चार्जिंगला लावून ठेवू नका. १०० वॅटचं सोलर पॅनल उन्हाळ्यात दिवसाला ३००-४०० वॅट-तास देतं, म्हणजे तळ एका जागी असेल तर फ्रिजचा बराच भार उचलतं. पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नका.

वायरकडे कुणी बघतच नाही आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. प्रत्येक चांगल्या कंप्रेसर फ्रिजला बॅटरी वाचवण्याची सोय असते, व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की फ्रिज स्वतःच बंद होतो. त्यावर एच, एम, एल अशा तीन पायऱ्या असतात. ‘एच’ लवकर बंद होतो आणि बॅटरीत जास्त शिल्लक ठेवतो. गाडीच्या बॅटरीवर चालवताना कायम ‘एच’ ठेवा, पॉवर स्टेशनवर ‘एल’ चालतं, कारण त्याचं स्वतःचं संरक्षण असतं. आता गंमत बघा. पुढच्या सॉकेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर ओढली, जाऊन-येऊन दहा मीटर. वायर १ स्क्वेअर एमएमची असेल तर ५ अँपिअरला जवळजवळ पाऊण-एक व्होल्ट वायरमध्येच गळतो. बॅटरी भरलेली असते, पण फ्रिजपर्यंत कमी व्होल्टेज पोचतं आणि तो ‘बॅटरी संपली’ समजून बंद पडतो. लोक फ्रिजला दोष देतात. नागपुरात सीताबर्डीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ४ स्क्वेअरची तांब्याची लवचीक वायर मीटरवर मिळते. ती बॅटरीपासून थेट डिकीपर्यंत टाकून घ्या, बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज बसवा. तेवढ्याच अंतरात मग पाव व्होल्टही जात नाही. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. फ्यूज नको म्हणणारा भेटला तर दुसरा शोधा.

गाडीचं सॉकेट किल्ली काढल्यावर चालू राहतं का, हेही आधी तपासा. मोबाइल चार्जिंगला लावायचा, गाडी बंद करून कुलूप लावायचं, दहा मिनिटांनी बघायचं.

आकाराबद्दल थोडक्यात सांगते. दोघांना शनिवार-रविवारसाठी १५ ते २० लिटर पुरतो, चौघांना तीन दिवसांसाठी ३५ ते ४०. पण लिटरपेक्षा खोली बघा. एक लिटरची पाण्याची बाटली दुकानात घेऊन जा आणि आत उभी राहते का ते पाहा. घरी डिकी टेपने मोजा, झाकण उघडल्यावर लागणारी उंचीही मोजा. भरलेला ३५ लिटरचा फ्रिज पंचवीस-तीस किलोचा होतो, तो दोघांना मिळून उचलता यायला हवा. झाकणाचं रबर बघायला कागदाची पट्टी अडकवून झाकण लावा आणि पट्टी ओढा. सहज निघून आली तर तिथून गारवा जाणार. चारही बाजूंनी हे करून बघा, दुकानदार कंटाळला तरी.

दोन कप्प्यांचे, म्हणजे एकीकडे फ्रिज आणि एकीकडे फ्रीझर असलेले मॉडेल दिसायला मोहक असतात. पण मधल्या भिंतीत जागा जाते आणि वीज जास्त लागते. मी एक कप्प्याचाच सुचवते. मसाला लावलेलं मटण घरीच पिशव्यांमध्ये सपाट गोठवून घ्यायचं आणि तळाशी रचायचं. पहिल्या रात्री तेच बर्फाचं काम करतं, दुसऱ्या दिवशी सुटलं की शिजवायचं. परतीला मेळघाटातला खवा आणायचा असेल तर तोवर जागाही झालेली असते.

आता इन्सुलिन. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि एकदा गोठलं की ते वितळवून वापरायचं नसतं. वापरातला पेन बाहेर चालतो, पण बहुतेकांची मर्यादा २५ ते ३० अंश असते. पाकिटावर लिहिलेलं असतं, आणि आमच्या उन्हाळ्यात ती केव्हाच ओलांडली जाते. या फ्रिजमध्ये भिंती हेच गार करणारे भाग असतात. पडद्यावर ४ दिसत असताना भिंतीला चिकटलेली वस्तू गोठलेली असू शकते. म्हणून मी असं करते: छोट्या झाकणाच्या डब्यात पंचाच्या घडीत पेन गुंडाळते आणि तो डबा कंप्रेसरच्या वर जो उथळ कप्पा असतो तिथे ठेवते. भिंतीला टेकू देत नाही. शेजारी पाण्याच्या छोट्या बाटलीत सुटा थर्मामीटर असतो. मी पडद्यावरचा आकडा मानत नाही, त्या थर्मामीटरचा मानते. फ्रिज ५ वर लावते, फ्रीझर म्हणून वापरायचा मोह त्या सहलीत टाळते. मटण गोठलेलं नेलेलं असतं, ते ५ अंशांवर हळूहळू सुटतं, तेवढं पुरतं. इन्सुलिन सोबत असेल तर फ्रिज घेताना मी दोनच गोष्टींवर अडून बसेन: असा उथळ कप्पा आणि एकेका अंशाने बदलणारं तापमान.

निघायच्या आदल्या रात्री फ्रिज घरच्या २३० व्होल्टवर लावून रिकामाच गार करा आणि सकाळी घरच्या फ्रिजमधल्या गार वस्तूच भरा. कोमट पाण्याच्या बाटल्या भरल्या तर परतवाडा येईपर्यंत कंप्रेसर थांबणार नाही. गाडीत फ्रिजच्या हवेच्या जाळीच्या बाजूला वीतभर जागा मोकळी सोडा, गाद्या-सतरंज्या त्यावर रचू नका. दोन्ही हँडलना पट्टा घालून डिकीच्या कड्यांना बांधा, कारण घाटात जोरात ब्रेक लागला की तीस किलोचं खोकं पुढे येतं. आवाजाची फार काळजी नको, पण तंबूत डोक्याशी ठेवला तर कंप्रेसर सुरू होताना जाग येते, गाडीतच राहू द्या.

एका रात्रीच्या सहलीला, औषध सोबत नसेल तर, जाड भिंतींचा आइसबॉक्स आणि बर्फाची लादी पुरेशी आहे. वर्षातून एकदाच जाणाऱ्याने फ्रिज घेऊच नये.

घेतलाच तर परत करायची मुदत संपायच्या आत घराच्या पार्किंगमध्ये एक रात्र खरी चाचणी करा. फ्रिज अर्धा भरा, गाडी बंद, सायंकाळी सातला सुरू. सकाळी फ्रिज काढून अर्धा तास थांबा आणि मल्टीमीटरने बॅटरीचं व्होल्टेज मोजा. १२.४ किंवा जास्त दाखवलं तर एका रात्रीसाठी निर्धास्त जा. १२.२ किंवा त्याहून कमी असेल तर या गाडीवर फ्रिज लावून मुक्काम करू नका, आधी वेगळी बॅटरी घ्या.