गाडी चालू होते आणि लगेच बंद पडते: दोष शोधताना या चुका टाळा

सेल्फ मारला की इंजिन स्टार्ट घेते, दोन-चार सेकंद धडपडते आणि बंद पडते. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा प्रकार सुरू झाला की चार जण जमतात आणि त्यातले तिघे बॅटरीकडे बोट दाखवतात. वास्तविक सेल्फ जर नेहमीच्या जोमाने फिरत असेल, तर बॅटरीने तिचे काम केलेले असते. शंका असेल तर मल्टिमीटर लावून पाहावा. गाडी उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि सेल्फ फिरत असताना साडेनऊ-दहाच्या वर आकडा दिसला, तर बॅटरीचा विषय तिथेच संपवावा. (जंप स्टार्ट देऊन चालू केलेली गाडी केबल काढताच बंद पडत असेल, तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासायला हवा. ते दुखणे वेगळे.)

इंजिन चालू राहण्यासाठी पेट्रोल, हवा आणि ठिणगी या तिन्ही गोष्टी लागतात, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही बहुतेक जण थेट सुटे भाग बदलण्यापासून सुरुवात करतात. आधी प्लग, मग कॉइल, मग फिल्टर, शेवटी पंप, असा हा क्रम खिसा रिकामा होईपर्यंत चालतो. माझ्या मते पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा नसून ‘इंजिन नेमके कधी बंद पडते’ हा असावा. त्याचे उत्तर घड्याळ पाहून मिळते आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

इंजिन दर वेळी एक-दोन सेकंदांतच, जणू कुणी बटण बंद करावे तसे थांबत असेल आणि डॅशबोर्डवर किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा भरभर लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरला, म्हणजे चोरी रोखण्यासाठी किल्लीतली चिप तपासणाऱ्या यंत्रणेला, किल्ली ओळखता येत नाही असे समजावे. काही गाड्यांत अशा वेळी सेल्फच फिरत नाही. काहींत मात्र इंजिन क्षणभर चालू होऊ दिले जाते आणि मग पेट्रोल तोडले जाते. घरातली दुसरी किल्ली आणून पाहणे ही पहिली चाचणी. त्याच जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली असेल, तर तीही बाजूला करून पाहावी. ही साधी गोष्ट न करता वायरिंग उघडून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

पाच-दहा सेकंद बरे चालून मग इंजिन हळूहळू मरगळत असेल, तर पेट्रोलच्या दाबाचा संशय घ्यावा. किल्ली ‘ऑन’वर नेली की, सेल्फ मारण्याआधी, मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो, तो टाकीतला पंप लाइनमध्ये दाब भरत असल्याचा असतो. आवाज आला नाही, तर आधी फ्यूज आणि रिले पाहावेत. आवाज आला म्हणजे पंप ठणठणीत आहे असे धरून चालणे ही मात्र तितकीच मोठी चूक आहे. झिजलेला पंपही आवाज करतो, फक्त दाब देत नाही. हवेच्या मार्गात पेट्रोल फवारणाऱ्या पोर्ट इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत हा दाब साधारण ३ ते ४ बार असतो आणि तो गेज लावूनच मोजायचा असतो. इंजिन बंद असतानाही लाइनमध्ये दाब राहतो. घरी पाइप सोडवून ‘पेट्रोल येतंय का बघू’ म्हटले, तर ते अंगावर आणि गरम इंजिनावर उडते. हा प्रयोग करूच नये.

रेस देत राहिल्यास इंजिन चालते आणि पाय उचलताच बंद पडते, हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत जास्त चुकीचे निदानही याचेच होते. रेस दिल्यावर इंजिन नीट ओढत असेल, तर पंप आणि ठिणगी बहुधा शाबूत असतात. गडबड आयडलच्या, म्हणजे पेडल न दाबता इंजिन मंद फिरत असतानाच्या, हवेत असते. पेडल सोडले की थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी, झडप जवळजवळ मिटते आणि इंजिनाला लागणारी थोडीशी हवा जुन्या गाड्यांत आयडल व्हॉल्व्हमधून, तर नव्या गाड्यांत त्याच झडपेच्या बारीक फटीतून मिळते. त्या फटीवर कार्बनची काळी किनार जमली की हवा अपुरी पडते. याउलट कुठेतरी पाइप चिरलेला असेल, तर न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. मेकॅनिक मंडळी याला ‘गाडी एअर घेतेय’ असे म्हणतात.

या एअर घेण्याने मला चांगलाच धडा शिकवला आहे. कोथरूडला राहत असताना माझी गाडी सकाळी चालू होई, पुढे घेतली तर कशीबशी चाले आणि रिव्हर्स टाकला की हमखास बंद पडे. एका गॅरेजच्या सल्ल्यावरून मी पंप बदलला. फरक शून्य. नंतर कर्वे रस्त्यालगतच्या एका बोळात एकट्याने काम करणाऱ्या वयस्क मेकॅनिककडे गाडी नेली. त्यांनी गाडीतले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरला हातही लावला नाही. मला रिव्हर्स टाकायला सांगितले, आपण बॉनेटपाशी उभे राहून इंजिन कोणत्या बाजूला कलते ते पाहिले आणि एअर फिल्टरकडून थ्रॉटलकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीच्या घड्यांखालून बोट फिरवले. खालच्या बाजूला दोन बोटे लांबीची चीर होती, वरून ती दिसतच नव्हती. रिव्हर्समध्ये इंजिन उलट्या बाजूला झुकायचे आणि चीर उघडायची. “साहेब, पेट्रोल बरोबर पोचतंय, वाराच जास्त होतोय,” एवढेच ते म्हणाले.

इथे एक बारकावा सांगायला हवा. माझ्या गाडीत आत जाणाऱ्या हवेचे वजन मोजणारा सेन्सर फिल्टरजवळ होता, म्हणून त्याच्या पुढची चीर इतकी महागात पडली. अनेक छोट्या गाड्यांत त्याऐवजी इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर असतो. तिथे थ्रॉटलच्या अलीकडची चीर धूळ आत घेते खरी, पण त्यामुळे इंजिन सहसा बंद पडत नाही. थ्रॉटलच्या पलीकडची गळती असेल, तर आयडल उलट वाढलेला दिसू शकतो. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे जाणून न घेता ऐकलेला उपाय लावण्यात अर्थ नाही. शिवाय पुण्यातल्या सोसायट्यांत उंदीर हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. आठवडाभर उभी असलेली गाडी अचानक असे वागू लागली, तर बॉनेट उघडून बारीक व्हॅक्यूम पाइप आणि सेन्सरच्या वायरी कुरतडल्या आहेत का, हे सर्वांत आधी पाहावे.

थ्रॉटल बॉडी साफ करतानाही दोन चुका होतात. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने दाबून उघडली जाते, त्यामुळे आतल्या गिअरना इजा होऊ शकते. दुसरी चूक म्हणजे ‘रीसेट’ म्हणून बॅटरीची टर्मिनल काढणे. त्यामुळे ईसीयूने (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने) शिकलेले आयडलचे माप पुसले जाते, साठवलेले फॉल्ट कोडही जातात आणि साफसफाईनंतर गाडी आधीपेक्षा जास्त वेळा बंद पडू लागते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने, किंवा स्कॅनरने, आयडल पुन्हा शिकवावा लागतो.

स्कॅनरवर डोळे मिटून विश्वास ठेवणे हीदेखील चूकच. एप्रिल २०१३ पासून भारत स्टेज ४ या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांना ओबीडी-२ ही दोष नोंदवणारी यंत्रणा बंधनकारक झाली. तिचे सॉकेट बहुतेक वेळा स्टिअरिंगखाली असते आणि साधा स्कॅनरही कोड वाचू शकतो. पण कोड म्हणजे तक्रार असते, निकाल नव्हे. ‘पी ०१७१’ एवढेच सांगतो की मिश्रण पातळ आहे. तो आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखे आहे. ‘पी ०३३५’ आला, तर क्रँकशाफ्टचे फिरणे टिपणाऱ्या क्रँक सेन्सरबरोबरच त्याची वायर आणि कनेक्टरही तपासावेत. इंजिन रेसवर धरता येत असेल, तर फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलच्या मापात करत असलेली वाढ-घट, पाहावा: आयडलला तो बराच अधिक आणि रेस वाढवल्यावर उतरत असेल, तर व्हॅक्यूमची गळती, रेसबरोबर वाढतच जात असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे असे समजावे.

गरम झाल्यावरच बंद पडणारी गाडी सर्वांना चकवते. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात ती थांबते, अर्ध्या तासाने निमूट चालू होते आणि गॅरेजमध्ये पोचेपर्यंत काहीच दोष उरत नाही. अशा वेळी क्रँक सेन्सरवर पहिला संशय घ्यावा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा अजिबात हलत नसेल, तर अनेक गाड्यांत ती सेन्सरचा सिग्नल येत नसल्याची खूण असते. ती जागच्या जागी पाहून मोबाइलवर चित्रित करून ठेवावी, कारण थंड गाडीत ती पुन्हा दिसणार नाही.

पेट्रोल भरल्यानंतरच गाडी बंद पडत असेल, तर टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असण्याची शक्यता असते. नोझलने ‘टक्’ केल्यावरही राउंड फिगरसाठी आणखी पेट्रोल कोंबण्याची सवय याच यंत्रणेला मारक ठरते, कारण वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल शिरते. पावसाळ्यात टाकीत पाणी गेले, तर पेट्रोलमधले इथेनॉल थोडे पाणी सामावून घेते. प्रमाण वाढले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि पंप तेच उचलतो.

सीएनजीवाल्यांची चूक मात्र अगदी ठरलेली असते. गॅस स्वस्त पडतो म्हणून पेट्रोलचा काटा महिनोन् महिने तळाशी ठेवला जातो. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. तेच नसेल, तर तो तापून झिजतो. बहुतेक गाड्या चालू होताना पेट्रोलवर होतात आणि गॅसचा दाब कमी करणारा रेड्यूसर गरम झाल्यावर गॅसवर जातात, म्हणून सकाळी हा दोष आधी दिसतो. पेट्रोलवर ठीक चालून गॅसवर बदलण्याच्या क्षणीच इंजिन बंद पडत असेल, तर दोष गॅसच्या बाजूला असतो आणि तिथे स्वतः पाना लावू नये. अधिकृत किटवाल्याकडेच जावे. डिझेल गाडीत फिल्टर बदलल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल, तर लाइनमध्ये हवा राहिली आहे, हे जवळजवळ नक्की समजावे आणि हातपंपाने ती काढून घ्यावी.

राहिला प्रश्न सेल्फ मारत राहण्याचा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे. नाहीतर सेल्फची मोटर तापते, बॅटरी उतरते आणि न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो. धक्का मारून चालू करण्यातही हाच धोका आहे. बेसमेंटमध्ये चाचण्या घेत इंजिन रेसवर धरून बसू नये, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. आणि नदीकाठच्या पार्किंगमध्ये पाणी एअर फिल्टरपर्यंत चढले असेल, तर सेल्फला हातच लावू नये. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, त्याच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी टो करूनच न्यावी आणि पाणी कुठवर चढले होते त्याचा फोटो, गाडी हलवण्यापूर्वीच, काढून ठेवावा. विम्याच्या सर्व्हेअरला तो लागतो.