आत्मचरित्रावर परीक्षण लिहिताय? या चुका टाळा

पंचाहत्तरीला आठवणींचं पुस्तक काढायची पद्धत आता आपल्या खेड्यांतही रुजली आहे. निवृत्त मास्तर असोत की माजी सरपंच, पोरं पैसे जमवतात, अमरावती नाहीतर यवतमाळच्या प्रेसमध्ये छापून घेतात आणि एक प्रत आपल्या हाती येते: "सर, दोन शब्द लिहून द्या ना." लिहिले जातात. त्यात जन्म असतो, हलाखी असते, नोकरी असते आणि शेवटी तरुण पिढीने घ्यायचा आदर्श. वाचनालयातल्या नावाजलेल्या आत्मचरित्रांवर लिहितानाही साचा हाच. ज्याचं आयुष्य आहे तो माणूस मात्र त्यात कुठे भेटत नाही.

गोष्टच पुन्हा सांगणं

काय काय घडलं ते सांगायला पुस्तक आहे की. परीक्षण सारांशाकडे घसरतंय असं वाटलं तर पुस्तक मिटा, न बघता जे प्रसंग आठवतील तेवढेच कागदावर उतरवा आणि त्यांवरच लिहा. 'प्रेरणादायी' आणि 'हृदयस्पर्शी' खोडून तिथे नेमका प्रसंग घाला.

पानांचा हिशोब न ठेवणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. एका कागदावर तीन रकाने पाडा: साल, लेखकाचं तेव्हाचं वय आणि त्या काळाला दिलेली पानं. बालपणाच्या चार वर्षांना ऐंशी पानं आणि पस्तीस वर्षांच्या संसाराला सहा, असं निघालं की तिथे थांबायचं. मास्तरांच्या आठवणींत बायको बहुतेक वेळा अर्पणपत्रिकेत भेटते, मग लग्नाच्या पानावर, आणि त्यानंतर थेट 'सौ.ची समर्थ साथ लाभली' या वाक्यात. भावाशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, झालेलं भांडण कोर्टाच्या तारखांसकट पंधरा पानं चालतं, आणि लहानपणी गेलेल्या पोरीवर एक ओळ असते. ती ओळ तुमच्या परीक्षणात आली पाहिजे. एवढंच का लिहिलं याचा निवाडा तुम्ही करू नका; ओळ एकच आहे आणि ती कुठल्या दोन प्रसंगांच्या मधे दडली आहे, ते दाखवा.

जमलं तर चौथा रकाना पाडा: हे लिहिलं कधी? लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त वडिलांच्या सोवळ्याचे किस्से असे सांगितलेत की हसू आवरत नाही. त्यांचा जन्म १८६८ चा, पुस्तक निघायला लागलं १९३४ मध्ये. त्या सोवळ्याचा जाच सोसणारी पोर आणि तो हसत सांगणारी बाई यांच्यात अर्ध्या शतकाहून जास्त काळ गेला आहे. 'विनोदी शैली' असा शेरा मारून पुढे गेलात तर एवढा मोठा काळ तुमच्या हातून सुटला.

पुस्तकात नाही म्हणून लेखकाला बोल लावणं

वर्ध्याकडचा वाचक गांधीजींच्या आत्मकथेत सेवाग्राम शोधतो आणि हिरमुसतो. सापडणार कसं? ती कथा १९२५ पासून 'नवजीवन'मध्ये गुजरातीत हप्त्याहप्त्याने आली आणि १९२० च्या नागपूर काँग्रेसपाशी थांबली. गांधीजी सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले १९३६ मध्ये. विचारायचंच तर 'नागपूरलाच का थांबले' हे विचारा. उत्तर शेवटच्या प्रकरणातच आहे: यानंतरचं आपलं आयुष्य इतकं सार्वजनिक झालं की लोकांना ठाऊक नाही असं फारसं उरलं नाही, असं ते म्हणतात. मग पुढचा प्रश्न तुमचा. लोकांना ठाऊक नसलेलं तेवढंच सांगायचं, असं ठरवून लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी सांगण्यासारखं काय मानलं?

साल चुकलं की 'खोटं' म्हणणं

समजा कुणी लिहिलं की १९६५ साली बाबांनी एकाधिकार खरेदीत, म्हणजे सगळा कापूस सरकारनेच घ्यायच्या योजनेत, कापूस घातला. ती योजना सुरू झाली १९७२ च्या हंगामात, म्हणजे साल चुकलं. तसं एका वाक्यात सांगा. पण संकलन केंद्रावर बैलबंडी रात्रभर रांगेत उभी होती, ग्रेडरने कापूस खालच्या ग्रेडला टाकला, चुकारा, म्हणजे कापसाचा पैसा, महिनोन्‌महिने आला नाही, हे तेवढ्याने खोटं ठरत नाही. माणसं सालं जपत नाहीत. दुष्काळ, लग्न आणि बैल मेला तो पोळा लक्षात ठेवतात.

पैशाचंही तसंच. रुपयाचे शंभर पैसे झाले १९५७ मध्ये, त्याआधी हिशोब सोळा आण्यांचा. जुना पगार आजच्या नजरेने वाचून लगेच 'हलाखी' लिहू नका. त्याच पुस्तकात ज्वारीचा नाहीतर धोतराचा भाव कुठेतरी आलेला असतो. आणि भंडारा-चंद्रपूरकडचा मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारा जमीनदार, वऱ्हाडातल्या आठवणींवर लादू नका. वऱ्हाडात रयतवारी होती, शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा; तिथला पाटील-सावकार वेगळा.

एकावरून सगळे

वसंत मून यांचा जन्म १९३२ चा, कुमुद पावडे यांचा १९३८ चा. दोघंही नागपूरचे, दोघंही दलित समाजातले. मून यांच्या 'वस्ती'त महारपुऱ्यातले आखाडे आहेत, आंबेडकरांचं समता सैनिक दल आहे, एक अख्खी वस्ती उभी राहताना दिसते. पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मध्ये एक मुलगी संस्कृत शिकते, तिचं तोंडभर कौतुक होतं पण नोकरी मिळत नाही. ती मिळते आंतरजातीय लग्नानंतर, आणि श्रेय नव्या आडनावाचं, असं त्या स्वतःच लिहितात. यातलं एकच वाचून 'विदर्भातल्या दलित जीवनाचं चित्रण' असं लिहिणाऱ्याने दुसरं उघडून बघावं.

जाता जाता: उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी आहे. तिची नायिका कौतिक कितीही आपल्या घरातली वाटली तरी 'धग' आत्मचरित्रांच्या यादीत घालू नका.

लेखक शेजारी राहत असेल तर

ही अडचण गावातल्या पुस्तकांचीच. लिहिणारा आपला, ज्याच्याबद्दल लिहिलं तोही आपला, आणि दोघं उद्या पारावर भेटणार. परीक्षणात त्या दुसऱ्याचं नाव न घेता 'एक नातेवाईक' म्हटलं तरी चालतं. प्रसंग मात्र गाळू नका. लेखक हयात असतील तर तो रकान्यांचा कागद घेऊन त्यांच्याकडे जा आणि कमी पानांच्या वर्षांबद्दल विचारा. पुष्कळ जण मोकळेपणी बोलतात. जे बोलतील ते छापायचं का, हेही त्यांनाच विचारा. 'राहू द्या' म्हणाले तर परीक्षणात पानांचा आकडा तेवढा द्या.